टांग्यात मावणारा पक्ष

आई, परवा दोन मुली मतदारयादी तपासायला आल्या होत्या. त्यातली उंच मुलगी म्हणाली, "आजी, पूर्ण नाव सांगता का?" मी सांगितलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं एका दमात. तिने कागदावर खूण केली आणि शेजारच्या दाराची बेल दाबली. मिनिटभराचंही काम नव्हतं. दार लावून मी आत आले आणि मला हसूच आवरेना. माझी सून स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं हो आई?" आता तिला काय सांगू? एवढ्याशा कामासाठी तुम्ही आणि मी हिवाळ्यातला एक अख्खा महिना शेतांच्या बांधांवरून तंगडतोड केली होती, मामंजींनी दोन दिवस अबोला धरला होता, आणि कल्याणच्या कचेरीत एका साहेबाला हसून हसून चष्मा काढून डोळे पुसावे लागले होते. हे दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे म्हणा. एक गोष्ट सोडून.

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. स्टेशनच्या आजूबाजूला नोकरदारांची घरं, चार-दोन चाळी, विहिरी, संध्याकाळी कंदील, आणि त्यापलीकडे आयऱ्यापर्यंत, कोपरपर्यंत नुसती भाताची शेतं. तुमचा मुलगा कल्याणपलीकडच्या मोहने गावात नवा कारखाना उभा राहत होता तिथे नकाशे काढायच्या कामावर. सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला यायचा. घरात तुम्ही, मामंजी आणि मी. माहेरी मला सांगून धाडलं होतं की सासूबाई कडक आहेत, नऊवारीत असतात, सोवळंओवळं पाहतात. सोवळ्याओवळ्याचं माहेरच्यांनी कुठून ऐकलं होतं देव जाणे. एक मात्र कुणीच सांगितलं नव्हतं, की सासूबाईंचा पक्ष आहे.

पक्ष म्हणजे सातजण. कल्याणच्या शाळेत गणित शिकवणारे मास्तर हे पुढारी. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमधला एक फिटर, एक कंपाउंडर, खाडीकडचे दोघे शेतकरी, एक निवृत्त पोस्टमन. आणि तुम्ही. मजुराला पुरती मजुरी हवी, शेत कसणाऱ्याचं हवं, मुलींना शाळा हवी, जातपात जायला हवी, असं पक्षाचं म्हणणं. पक्षाचं सगळं राज्य म्हणजे कल्याणच्या खाडीपासून कोपरच्या शेतांपर्यंत. ठाण्याला त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, मुंबईला तर सोडाच. मामंजी मोठ्या पक्षाचे, ज्याने स्वातंत्र्य आणलं त्या. ते रविवारी धुतलेली खादीची टोपी घालून ओसरीवर वर्तमानपत्र वाचायला बसत आणि तुम्ही चहा आणून ठेवलात की म्हणत, "अगं, तुझा पक्ष एका टांग्यात मावतो."

"मावतो म्हणूनच लवकर पोचतो," तुम्ही म्हणायच्या, "तुमच्या मिरवणुकीला अजून वळण घेता येत नाही."

मी दाराआड उभी राहून पदर तोंडात कोंबून हसायची. नवराबायकोने असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मार्गशीर्षातली गोष्ट असावी. मास्तर कल्याणहून सायकल मारत आले. तुम्ही थालीपीठं लावत होता. ते उंबऱ्याशी पाट घेऊन बसले आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. देशातल्या पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, बाई असो की बुवा. आपल्या भागातली कच्ची यादी चावडीवर लागली होती, तिची नक्कल मास्तरांनी स्वतः उतरवून आणली होती. ते वाचायला लागले. पुरुषांची नावं आली, वडिलांचं नाव, वय, सगळं ठीक. मग बायका आल्या. "बळीरामची बायको. गणूची आई. दामूची सून. दामूची दुसरी सून." मास्तर वाचत गेले आणि तुमचं थालीपीठ तव्यावर करपायला लागलं.

"ह्यांना नावं नाहीत?" तुम्ही विचारलंत.

"आहेत, पण सांगत नाहीत. यादीवाला परका पुरुष. त्याला स्वतःचं नाव सांगायचं कसं, आणि नवऱ्याचं तर घ्यायचंच नाही. त्याने आपलं असं लिहून टाकलं." मास्तरांनी गठ्ठा मिटला. "आता वरून हुकूम आलाय. ज्यांचं नाव नाही त्यांची ओळच खोडायची. महिन्याच्या आत बायकांनी नाव सांगून अर्ज केले तर ठीक. पण आपण सातजण, काय काय करणार?"

"तुम्ही सहाजण," तुम्ही म्हणालात, "आणि सहाच्या सहा पुरुष. तुम्हाला कोण नाव सांगणार? आम्ही जातो."

"आम्ही म्हणजे?"

तुम्ही हातातलं उलथनं माझ्याकडे केलंत. अशी मी पक्षाची आठवी सभासद झाले. अर्ज नाही, शपथ नाही. तुम्ही मला विचारलंही नाहीत, आणि खरं सांगते, विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

दुपारची जेवणं आटोपली की आपण निघायचो. तुमच्या हातात कापडी पिशवी, माझ्या हातात वही. भातं कापून झालेली, खाचरं कोरडी, धसकटं पायाला टोचायची. लोक म्हणायचे, मास्तरीणबाई सुनेला घेऊन कुठे निघाली? तुम्ही मास्तरीण नव्हताच, पण वही दिसली की मास्तरीण. पहिल्या दिवशी आपण आयऱ्याला दोघी दोन वाटांनी गेलो. मला एक घर लागलं. अंगणात पेंढा, ओटीवर एक तरणी बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली. मी नाव विचारलं. ती लाजून भिंतीकडे वळली. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "लिव की गो, भिक्याची आय." पोर रडत होतं, मला अजून पाच घरं करायची होती, पायात काटा मोडला होता. मी लिहिलं: भिक्याची आई.

संध्याकाळी तुम्ही तांदूळ निवडत होता. मी मोठ्या ऐटीत वही पुढे ठेवली. तुम्ही ओळीवरून बोट फिरवत खाली आलात आणि एका ठिकाणी थांबलात.

"ही कोण?"

"भिक्याची आई."

"ते वाचता येतंय मला. ही कोण?"

तुमचा आवाज चढला नाही. तुमचा आवाज कधी चढायचाच नाही, म्हणून तर इतका लागायचा. तुम्ही म्हणालात, "यादीवाल्याने लिहिलं होतं, तेच तू लिहून आणलंस. मग तो काय वाईट होता? त्याला निदान पगार होता." मग सूप बाजूला सारलंत, पदर खोचलात. "ऊठ. अजून उजेड आहे."

आपण परत गेलो. मी रडत होते, तुम्ही मागे वळून पाहत नव्हता. त्या अंगणात पोचलो तर ती बाई चुलीशी. तुम्ही सरळ तिच्या शेजारी जमिनीवर बसलात, फुंकणी हातात घेतलीत आणि जाळ नीट करून दिलात. मग म्हणालात, "बाई, माझ्या सुनेने तुझं नाव लिहायचं राहून गेलं. चूक तिची आहे. काय नाव तुझं?"

ती बराच वेळ चुलीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ऊठ म्हणणार. पण ती खरोखर आठवत होती, आई. पुढे तिनेच मला सांगितलं, की लग्नात सासरचं नाव ठेवलं ते कुणी कधी वापरलं नाही, आणि माहेरचं हाक मारणारी आई वारली होती. शेवटी ती म्हणाली, "सोनू." आणि तोंडावर हात ठेवून हसली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "सोनूबाय." भिक्या टकामका बघत होता. तिची सासू मागून ओरडली, "कोन गो सोनू?" तर ही म्हणते, "मी!" आणि तिघीचौघी अशा हसल्या की शेजारच्या बायका धावत आल्या. अंधार पडेपर्यंत माझ्या वहीत अकरा नावं झाली होती. सोनूबाईच एकेकीला पुढे ढकलत होती, "सांग ना, लाजतंस कशाला? तुना काय नाव नाय?" तुम्हाला तिने चहा दिला, काळा, गुळाचा. तुम्ही तो बशीत ओतून फुर्रकन प्यायलात. मी आधी तुमच्याकडे पाहिलं, मग मीही प्यायले.

त्या आठवड्यात तुम्ही कल्याणच्या बाजारातून माझ्यासाठी चपला आणल्यात. जाड तळाच्या, गावठी कातड्याच्या, चालताना करकर वाजणाऱ्या. त्या दिवसांत सुना मोठ्यांसमोर चपला घालत नसत. मी ओसरीवरून हातात घेऊन जायला लागले, तर तुम्ही मामंजींच्या देखत म्हणालात, "हातात घालायला आणल्यात का? घाल पायात." मी घातल्या. करकर वाजल्या. मामंजींनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. मी तशीच करकर वाजवत फाटकापर्यंत गेले आणि फाटकाबाहेर पडल्यावर तुम्ही आणि मी एकमेकींकडे पाहून पोट धरून हसलो. त्या दिवशी मी सासरी रुळले असं मी धरते.

पण मामंजींचा अबोला खराच होता, तो विनोदाने निभला नाही. गल्लीतले दोघे त्यांना भेटून गेले होते. तुमच्या घरच्या बायका कुणाच्याही घरी खातात-पितात, शिवाय तुमच्याच पक्षाच्या विरुद्ध हिंडतात, लोक काय म्हणतील, असं बरंच काही. दोन दिवस मामंजी जेवताना पानाकडे पाहून जेवले. तिसऱ्या दिवशी ताक वाढताना तुम्हीच म्हणालात, "बोला काय ते."

"बोलायचं काय? तुला ठाऊक आहे का, ह्या बाया मत कुणाला देणार? आम्हालाच. खेड्यात दुसरा पक्ष ठाऊक आहे कुणाला? तू उन्हातून हिंडून माझ्या पक्षाची मतं वाढवते आहेस."

"देऊ देत."

"मग कशाला राबता दोघी?"

"द्यायला तरी मिळावं म्हणून," तुम्ही म्हणालात. "ताक घ्या."

त्यांनी घेतलं. दुसऱ्या वाटीलाही नाही म्हणाले नाहीत. मी आत जाऊन देवापुढे उगीचच नमस्कार केला.

आणि मग तो रविवार. अर्ज भरायचे होते, पन्नासांवर बायकांचे. तुम्ही सगळ्यांना घरीच बोलावलंत. सकाळपासून ओसरी भरली. ऊन चढलं तसं तुम्ही त्यांना माजघरात घेतलंत, आणि तिथे मावेनात तेव्हा स्वयंपाकघरात. सोनूबाई उंबऱ्यावर अडली. म्हणाली, "आत कसा येव?" तुम्ही तिच्या कडेवरचं पोर घेतलंत आणि आत निघून गेलात. आता पोर आत गेल्यावर आई बाहेर कशी राहील? ती आली, तिच्यामागे बाकीच्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात पोहे होत होते आणि मी पाटावर कागद ठेवून अर्ज लिहीत होते. हात भरून आला होता, शाईचे डाग पडत होते, अक्षर उतरणीला लागलं होतं. मामंजी पाणी प्यायला म्हणून आत आले. पाणी पिता पिता त्यांनी माझा कागद पाहिला. मुंबईच्या ऑफिसात हेडक्लार्क ते, खराब अक्षर दिसलं की त्यांना पोटात दुखायचं.

"सरक," मला म्हणाले. "हा अर्ज आहे की रांगोळी?"

आणि मांडी घालून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, टाक घेतला. नाव, वय, गाव, त्यांच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात. पहिल्याच अर्जाला अडले. "बाई, नवऱ्याचं नाव?" बाई गप्प. "नाव सांगितल्याशिवाय कसं लिहू?" बाई आणखीच गप्प. सोनूबाई म्हणाली, "ती कशी घेल नाव? तुमी वलखा. गोकुळातला हाय, पन धाकला नाय, थोरला." मामंजींनी टाक थांबवला. "थोरला म्हणजे... बळीराम?" सगळ्या माना डोलल्या. मग काय विचारता! पुढची म्हणाली, "बेल वाहतात त्याला." महादेव. "वाली नाय, त्याचा धाकला भाव." सुग्रीव म्हणता म्हणता मामंजी थांबले, सुग्रीव नावाचा माणूस आयऱ्यात कुठला? तर होता. निघाला सुग्रीवच! मामंजी इतके रंगले की एखादी बाई आपणहून नाव सांगायला लागली तर म्हणत, "थांब थांब, मला ओळखू दे." तुम्ही चुलीशी पोह्यांवर खोबरं पेरत उभ्या होतात, पाठमोऱ्या, आणि तुमचे खांदे हलत होते. तुमचा मुलगा सुट्टीचा म्हणून उशिरा उठून आला, तो दारातच खिळला. स्वयंपाकघरात तीसेक बायका, मध्ये त्याचे वडील, आणि सगळे मिळून कोडी घालताहेत. मी त्याच्या हातात बशी दिली आणि म्हटलं, "खा आणि सरका, जागा नाहीये."

पण नुसत्या अर्जावर भागणार नव्हतं. कल्याणच्या कचेरीत साहेबापुढे उभं राहून प्रत्येकीने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं होतं. शेवटचा दिवस बुधवार. सोनूबाईने पाच बैलगाड्या जमवल्या. कुणाचा नवरा कुरकुरला तर ती म्हणाली, "तू बस घरी, पोर सांभाल." बायका लग्नातली लुगडी नेसून आल्या, नथी घालून, केसांत शेवंती. ठाकुर्लीवरून गाड्या निघाल्या तेव्हा पॉवर हाउसच्या फाटकात तो आपला फिटर चार दोस्तांना घेऊन उभा होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत कुणीतरी गाणं म्हणायला लागलं, लग्नातलंच, कारण दुसरं कुठलं गाणं अशा वेळी म्हणायचं ते कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्या गाडीत, मी शेवटच्या. धुळीत तुमचं हिरवं लुगडं तेवढं मला दिसत होतं.

कचेरीत साहेब तरुण होता, गोल भिंगांचा चष्मा लावणारा. एवढ्या बायका पाहून गोंधळला. कारकून मात्र जुना. त्याने पहिल्या दोन-तीन जणींना विचारलं, आपलं नाव त्यांनी कसंबसं सांगितलं आणि नवऱ्याच्या नावाला तोंडं मिटली. मी म्हटलं, अर्जात लिहिलंय ना. कारकून म्हणाला, "लिहिलंय हो, पण तोंडी यायला पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही कुणाच्या नावाने येईल." बरोबरच होतं त्याचं. भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं. मागे बायका कुजबुजायला लागल्या, एकदोघी चला घरी म्हणाल्या. आधीच कचेरीत येऊन थांबलेले मास्तर घाम पुसत माझ्याकडे बघताहेत, मी तुमच्याकडे.

तुम्ही सोनूबाईच्या कानाशी वाकलात. "अगं, उखाण्यात घे. उखाण्यात चालतं की!"

सोनूबाईने पदर सावरला, टेबलाच्या अगदी जवळ गेली, आणि हळदीकुंकवात घ्यावा तसा खणखणीत आवाज लावला:

"दवतीत हाय शाई, शाईत बुरवला टाक,
म्हादूचं नाव घेतंय, सायबा, मान राख!"

सगळी कचेरी हसत सुटली. शिपाई, कारकून, बाहेर आपापल्या कामाला आलेले लोक, सगळे. साहेबाने चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, "राखला. लिहा, महादू." आणि मागून रांग अशी सरसावली की विचारू नका. आता प्रत्येकीला घ्यायचाच होता. "भाताच्या खाचरात पानी काठोकाठ, काशिनाथाचं नाव घेतंय, लिवा पाठोपाठ!" एकीला जुळेना तर बाकीच्या पुरवायला लागल्या. एका म्हातारीने इतका लांबलचक उखाणा घेतला की मधे साहेबाने दोनदा विचारलं, "आजी, आलं का नाव?" ती म्हणते, "येतंय, दम धर."

तुमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी, कारण यादीत तुम्हीही नुसत्या कुणाची तरी बायकोच होतात. तोवर मी पाहिलं, मामंजी मागे दाराशी उभे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. कुणी विचारू नये म्हणून हातात उगाच कसलेतरी कागद. साहेबाने विचारलं, "नाव?" तुम्ही सांगितलंत. मी चमकले, कारण मला ठाऊक असलेलं, लग्नपत्रिकेत छापलेलं, मामंजींनी लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलेलं ते नाव ते नव्हतं. ते तुमचं माहेरचं होतं. मामंजी दोन पावलं पुढे आले. "अगं, ते नव्हे..."

"हेच," तुम्ही म्हणालात, मागे न वळता.

कारकुनाने साहेबाकडे पाहिलं, साहेबाने मामंजींकडे. "आपण यजमान ना? कुठलं लिहू?"

मामंजींनी हातातले कागद एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. मला वाटतं त्या एवढ्याशा वेळात त्यांनी बराच विचार केला असेल. मग म्हणाले, "त्या सांगतील ते लिहा. नाव त्यांचं आहे." तुम्हाला "त्या" म्हणाले, आई, सगळ्यांच्या समोर! आणि साहेबाने पुढे नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तुम्ही उखाणा वगैरे काही घेतला नाहीत. सरळ, स्पष्ट, आडनावासकट त्यांचं नाव उच्चारलंत, जसं शाळेत हजेरीला घेतात. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यांचे कान लाल झालेले मी स्वतः पाहिले. परतताना ते आपल्याच गाडीत बसले, बायकांच्या मध्ये अंग चोरून, आणि सोनूबाई सारखी त्यांना म्हणत होती, "आता तुमी घ्या बाईंचं नाव, घ्या ना!" ठाकुर्लीच्या अलीकडे त्यांनी घेतलं. यमक जुळलं नाही. कुणाला पर्वा?

निवडणूक आली ती पुढे बऱ्याच महिन्यांनी. मास्तर उभे राहिले. आपण भिंती रंगवल्या, सभा घेतल्या, एकदा तर ऐकायला तीनच माणसं आणि व्यासपीठावर चार. मतदान शाळेत होतं. तुम्ही पहाटे उठून न्हायलात. आयऱ्याच्या बायका पुन्हा लग्नातली लुगडी नेसून रांगेत, बोटाला शाई लावून घेताना मेंदी लावून घ्यावी तसा हात पुढे करत होत्या. एकीने म्हणे पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि मगच मत टाकलं. मास्तर पडले, सडकून पडले, डिपॉझिटही गेलं. मामंजींचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं, बायकांनी भरभरून मोठ्या पक्षालाच मतं दिली होती. आणि तरी मास्तर दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. म्हणाले, आयऱ्याच्या केंद्रावर पुरुषांपेक्षा बायकांचं मतदान जास्त झालंय. मामंजींनी पहिला पेढा उचलून तुमच्या हातावर ठेवला. "हरल्याबद्दल," म्हणाले. तुम्ही अर्धा मोडून त्यांना दिलात. "जिंकल्याबद्दल." मी उरलेले मोजायच्या आधीच तुमच्या मुलाने चार खाल्ले होते.

पक्ष पुढे फार टिकला नाही. मास्तर गेले, फिटर गुजरातेत बदलून गेला, उरलेले एका मोठ्या पक्षात मिसळले. पण त्याआधी गावच्या पंचायतीला आपण एकच उमेदवार उभा केला होता, तो निवडून आला. आला कसला, आली. सोनूबाई. पंचायतीत पहिल्या दिवशी सही करताना तिला तासभर लागला असं लोक हसून सांगतात, पण तुम्ही आणि मी शेजारी उभ्या होतो, तेवढा काही लागला नव्हता. आपल्या पक्षाची ती एकमेव जागा. मोठ्या पक्षांच्या इतिहासात असलं काही लिहीत नाहीत. न लिहोत.

त्यानंतर तुम्ही वीसएक वर्षं होता, आणि किती गोष्टी आपण एकमेकींना सांगितल्या. माझं पहिलं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसलात. मामंजी गेले त्या वर्षी तुम्ही माझ्याकडून रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यायच्या, मोठ्या पक्षाच्या बातम्या आधी. एक मात्र मी कधीच सांगितलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी टाकलं नसतं, म्हणूनच लिहिते.

मतदानाच्या दिवशी माझा नंबर तुमच्या मागोमाग होता. पडद्याआड पेट्या ओळीने मांडलेल्या. आपली तिसरी, होडीचं चित्र असलेली. महिनाभर मी घरोघरी जाऊन तेच घोकवलं होतं, डावीकडून मोजा, एक, दोन, तीन, होडी. मी कागद हातात घेऊन उभी राहिले, आणि तेवढ्यात बाहेर अधिकाऱ्याने सोनूबाईला नाव विचारलं. तिने ते असं सांगितलं की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. मला हसू आलं, मग रडू आलं, समोरचं काही दिसेना, आणि मी हातातला कागद जी पेटी हाताशी आली तिच्यात टाकून दिला. डोळे पुसून पाहिलं तर ती पहिली पेटी होती. मामंजींच्या पक्षाची.

बाहेर तुम्ही जांभळाखाली उभ्या होतात, बोटावरची शाई वाळवत. म्हणालात, "नीट टाकलंस ना गं?"

मी म्हटलं, "हो आई."